बुडालो गं!

ऱ्हाईनकाठचं डोरेस्टाड त्या काळी फ्रँक लोकांचं सगळ्यात मोठं बंदर होतं. त्या सकाळी ते जळून राख व्हायचं होतं. नाही झालं. आणि त्याचं श्रेय कुणी राजाला द्यायला लागलं तर खुशाल हसा. राजाची पोरं तेव्हा गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसली होती.

उत्तरेचे लुटारू खाडीतून वर सरकले होते. तिथली नदी दरवर्षी काठापासून थोडी दूर सरकायची, म्हणून घरटी एक लांब लाकडी धक्का असायचा, दारापासून चिखलावरून थेट पाण्यापर्यंत. गावानं आदल्या दिवशीच ते सगळे धक्के पाडले. धक्का नसला की त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि रुतलेल्यांचं काय करायचं ते काठावरच्या तिरंदाजांना ठाऊक होतं. उभा होता फक्त तेत्ताचा धक्का.

"बाई, खुंटी काढा," इर्मिन म्हणाला. हा गावानं बोलावलेला शिपायांचा नायक, वरच्या मुलखातला.

"माझा माणूस यायचाय, नायक. खाली समुद्राकडे मीठ आणायला गेलाय. धक्का नसला तर तो उतरेल कुठे, तुमच्या डोक्यावर?"

"आणि त्याच्या आधी लुटारू उतरले तर?"

मोगरी तेत्ताच्याच हातात होती. मुख्य खुंटी एकच, ती उडाली की सगळ्या फळ्या सुटून खाली. मागे शेजारणी उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. घरं लाकडाची, छपरं गवताची. कुणी तिला एका शब्दानं बोलत नव्हतं आणि तेच तिला जास्त लागत होतं.

तेवढ्यात वळणावर नाव दिसली. शिडाला तांबडं ठिगळ. ते तिनंच लावलेलं.

"आला! आला गं बाई!"

सुकाणूवर तिचा नवरा फोल्को एकटाच उभा होता. पुढे मालावर कातडी पांघरलेली.

आता डोरेस्टाडची रीत अशी, की घरी येणारा माणूस पाण्यावरूनच बोंब मारतो, "बुडालो गं, सगळं गेलं!" भरल्या नावेला दृष्ट लागू नये म्हणून. बायको धक्क्यावरून विचारते, "मग मेल्या, घरी कशाला आलास?" तो म्हणतो, "तुझ्या शिव्या खायला!" फोल्कोचा गळा तर असा, की तो ओरडला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची.

तेत्ता कान टवकारून उभी राहिली.

"तेत्ते!" फोल्को ओरडला. "सगळं छान आहे गं! नाव भरून आणलीय! मजेत आहे मी!"

इर्मिन हसला. मनानं वाईट नव्हता बिचारा. "ऐकलंत? सुखरूप आहे तुमचा माणूस. राहू द्या खुंटी. तो उतरला की काढू."

मागे एक शेजारीण तोंडावर हात दाबून मटकन खाली बसली.

लग्न झाल्यापासून फोल्कोनं पाण्यावरून एक गोड शब्द काढला नव्हता. तेत्तानं पुन्हा नावेकडे नीट पाहिलं. कातड्यांचा ढीग श्वास घेत होता.

तिनं मोगरी उचलली.

"अहो, काय करताय? नवरा आहे तुमचा!"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि घाव घातला. पहिल्या घावाला खुंटी हलली नाही. दुसऱ्याला उडाली. फळ्या कडाकडा सुटल्या, काही चिखलात पडल्या, काही वाहून गेल्या.

नावेतली कातडी फेकली गेली आणि खालून कुऱ्हाडी घेतलेली माणसं उठली. वळणामागून लुटारूंच्या लांब नावा दिसायला लागल्या. इर्मिनचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिरंदाजांना हाका मारत तो पळत सुटला.

तेत्ता जागची हलली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज तिनं फाटू दिला नाही.

"मग मेल्या, घरी कशाला आलास?"

नावेतला एक जण कुऱ्हाड घेऊन सुकाणूकडे वळला होता. फोल्कोनं सुकाणू दोन्ही हातांनी ओढलं आणि नावेचं नाक सरळ चिखलात घातलं.

"तुझ्या शिव्या खायला!"

पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. ती बराच वेळ भुंकत राहिली.