आकाश कोणाच्या हद्दीत

"पत्र आलं होतं. पण आमच्या बाईंनी ते माझ्यापर्यंत पोचवलंच नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

नगर परिषदेच्या सभागृहात सुनावणी चालू होती. बाई म्हणजे त्यांच्याच हाताखालची कारकून. ती फायली मांडीवर घेऊन साहेबांच्या शेजारी बसली होती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं तिला वाटलं. नऊ वर्षं हा माणूस तिला 'माझी लेक' म्हणत आला होता.

पत्र विमान वाहतूक खात्याचं होतं. आकाशाचा कायदा देशाचा, परिषदेचा नव्हे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. परिषदेनं फार तर स्वतःच्या जागेतून ड्रोन उडवायला मनाई करावी. शहरभर बंदी घालता येणार नाही. आणि परिषदेनं शहरभर बंदी घातली होती ती हे पत्र आल्यावर दोन महिन्यांनी.

समोर तक्रारदार बसला होता. तिचा सख्खा दादा. खांबावरून पडून पाय मोडल्यापासून हा वायरमन घरातच अडकला होता. गच्चीत खुर्ची टाकून तो ड्रोन उडवायचा आणि बसल्या जागी नदीपर्यंत फिरून यायचा. बंदी आल्यावर तो ड्रोन जप्त करायला साहेबांनी तिलाच पाठवलं.

"माझ्या गच्चीशी परिषदेचा काय संबंध? तुझ्या साहेबांना विचार तरी," दादा तेव्हा म्हणाला होता.

तिनं विचारलं होतं. "मी वरपर्यंत खात्री करून घेतलीय. तू निर्धास्त जा," साहेब म्हणाले. ती परत गेली आणि शेजाऱ्यांच्या देखत दादाच्या मांडीवरून ड्रोन उचलून घेऊन आली. वहिनीनं दार लावून घेतलं ते आजतागायत उघडलं नव्हतं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी पत्र उलटून पाहिलं. "बाई, आवक शिक्का तुमच्या टेबलाचा आहे. त्या दिवशी तुमची हजेरीही लागलेली आहे."

ती तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी दादाच्या पायाचं ऑपरेशन होतं. "रजा कशाला वाया घालवतेस? जा तू, हजेरीचं मी बघतो," असं साहेबच म्हणाले होते. त्या मायेनं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

ती उठून उभी राहिली. "मी त्या दिवशी कचेरीत नव्हते. इस्पितळात होते. खोटी हजेरी लागू दिली, ही माझी चूक. पण हे पत्र मी आज पहिल्यांदा बघतेय. दादाला विचारा."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाकी सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या, तेव्हा तिला हायसं वाटलं. सकाळी सातपासून ती ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसून होती. शुद्धीवर आल्यावर दादा पाण्याचा पहिला घोट प्यायला तो तिच्याच हातून. संध्याकाळपर्यंत त्यानं तिचं मनगट सोडलं नव्हतं.

दादानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे वळला.

"मला भूल दिली होती," तो म्हणाला. "बाहेर कोण बसलं होतं, मला काय ठाऊक?"