जर्दाळूचे पाय कुणाकडे?

"आजपासून या दोन घरांमध्ये रक्ताचा थेंब सांडणार नाही!" पंच कालमुर्झा आबांनी दोन्ही हात उंचावून जाहीर केलं. "हे जर्दाळूचं झाड त्याला साक्षी!"

साक्षीदार अंगठ्याएवढा जाड आणि छातीएवढा उंच होता. पान नाही, मुळाला माती नाही. उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. त्याची साक्ष काढायची वेळ फार लवकर आली. पुढच्या पाच मिनिटांत ओमोरालीने एशिमकुलचा पुढचा दात पाडला.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. पाटाच्या पाण्यावरून हे दोघे शेजारी दर उन्हाळ्यात एकमेकांना बडवत. शेवटी पंचांनी निवाडा दिला: बांधाच्या टोकाला एक झाड लावा, जर्दाळू अर्धे अर्धे वाटून घ्या, आणि ज्याच्या हातून झाड मरेल त्याची पाण्याची पाळी कायमची दुसऱ्याला. निवाडा शहाणपणाचा होता, पण पंचांनी तो करायला इतके दिवस घेतले की तोवर बांधाचं टोक गोठून लोखंड झालं. आता बर्फ वितळेपर्यंत झाड चरात तिरकं निजवून मातीने झाकून ठेवायचं होतं. बांधावर गवताची गंजी होती, तिच्याखालची माती तेवढी मऊ राहिली होती. गंजी हलवून दोघांनी मिळून गुडघाभर चर खणला. चक्क हसत खणला.

"शेंडा दक्षिणेला, मुळं उत्तरेला," आबा म्हणाले. झाडं अशीच निजवतात.

दक्षिणेला एशिमकुलचं दार होतं, उत्तरेला ओमोरालीचं.

ओमोरालीने फावडं थांबवलं. "म्हणजे पाय माझ्या दाराकडे?"

"झाडाला कसले आलेत पाय?"

"मुळं म्हणजे पायच की, आबा. दाराकडे पाय मढ्याचे करतात. माझ्या घरातून कुणाला बाहेर काढायचंय?"

"तुझ्यापासून सुरुवात करू," एशिमकुल म्हणाला.

दात पडला तो यावर.

मग रीतसर मारामारी झाली. एशिमकुलने फावड्याच्या दांड्याने ओमोरालीची भुवई फोडली. ओमोरालीने त्याला कॉलरला धरून गंजीच्या खांबावर दोनदा आपटलं. दुसऱ्या वेळी जो आवाज आला तो खांबाचा नव्हता. बर्फावर लाल शिंतोडे उडाले. आबा बाजूला उभे राहून बघत होते. हे दोघे किती वेळात दमतात ते त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. 'पूर्व-पश्चिम आडवं निजवलं तर?' असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण मग पाय मशिदीकडे जात होते.

फावडं हातातून निसटलं तशी एशिमकुलने हाताला लागेल ते उचललं. हाताला लागलं झाड. शांततेचं झाड सपकन ओमोरालीच्या गालावर बसलं, कानापासून हनुवटीपर्यंत वळ उठला. दुसऱ्या फटक्याला गोणपाट सुटून लांब पडलं.

आता मात्र आबा घाबरले.

माणसांची डोकी पुन्हा सांधतात. उघडी मुळं या गारठ्यात नमाजाआधीची वजू, हातपाय धुणं, आटपेपर्यंतच टिकतात. झाड एशिमकुलच्या हातात मेलं, तर त्याचं पाणी जाणार. आणि पाणी गेलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात फावडं नाही, कुऱ्हाड घेऊन येतो. तसा एक उन्हाळा आबांनी पाहिला होता. त्यात मेलेल्या पोराला शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती.

"मुळं!" ते ओरडले आणि दोघांच्या मध्ये घुसले. कुणाचं तरी कोपर नाकावर बसलं. कुणाचं, याचा निवाडा त्यांनी लांबणीवर टाकला. एशिमकुलच्या मुठीतून झाड ओढून घेतलं, तसेच चरात उतरले आणि उत्तरेच्या टोकाला उभे राहिले. झाडाचा शेंडा दक्षिणेला निजवला, मुळं स्वतःच्या बुटांवर पसरली. मुळं अजून ओली होती.

"बघ, ओमोराली," नाकातून रक्त गळत असताना ते म्हणाले. "तुझ्या दाराच्या आधी मी आहे. याचे पाय आता माझ्याकडे. कुणाला न्यायचंच असेल तर मला नेतील, माझी तयारी आहे. टाका माती!"

मग ओमोरालीने फावडं भरून माती टाकली. ते पाहून एशिमकुलने दोन फावडी टाकली. ओमोरालीने तीन. एकमेकांना शिव्या घालत त्यांनी चर असा काही भरला की सबंध गावात इतकं चांगलं निजवलेलं झाड नसेल. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी बुटांनी माती दाबली, गच्च. झाड वाचलं. आबाही गुडघ्यांपर्यंत त्याच्यासोबत मातीत.

"या आबा, हात द्या," ओमोराली म्हणाला. "माझ्या बाजूने वर या."

"तुझ्या बाजूने का?" एशिमकुल दाताच्या फटीतून म्हणाला. "इतका मोठा निवाडा करून ते पहिलं पाऊल तुझ्या अंगणात ठेवतील?"

"मग काय तुझ्या?"

"सोड त्यांचा हात!"

"तू सोड!"

ओमोरालीचं डोकं एशिमकुलच्या पोटात गेलं. दोघे गडगडत गंजीपाशी पोचले. दोन्ही घरच्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या होत्या.

आबांनी उजवा पाय ओढून पाहिला, मग डावा. काम खरंच चोख झालं होतं. त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि बायकांना हाक मारली.

"पोरींनो, यांचं होईपर्यंत मला चहा इथंच आणून द्या गं. कुणाच्याही घरचा चालेल."