खारा बांगडा

नवं मूत्रपिंड बसवल्यावर डॉक्टरांनी मिठाची बंदी उठवली त्याच दुपारी शेवंतीने खारा बांगडा भाजला. पहिल्या घासालाच जनार्दन तांडेलांचे डोळे भरून आले. पण जेवण होईतो मनगटावरच्या पट्टीवर रक्तदाबाचा आकडा चढू लागला.

"पुरे झालं आता!" शेवंती घाबरली.

"थांब गं. प्रयोगशाळेत वाढवलेलं असलं तरी मूत्रपिंडच आहे ते. मीठ जास्त झालं, की मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं आवरतं आणि जास्तीचं बाहेर टाकतं."

तांडेल दोनदा मोरीत जाऊन आले. आकडा हळूहळू उतरला. खुशीत त्यांनी उरलेला तुकडा तिला भरवला, तशी तिने घाईने पाण्याचा तांब्या उचलला.

"मला नाही हो सोसत एवढं खारट."

तांडेल बघतच राहिले. ती स्वतःपुरतं वेगळं रांधते, असंच ते इतकी वर्षं समजत होते.

"म्हणजे तूही अळणीच जेवत होतीस?"

"तुमच्यासमोर चवीचं कसं खाऊ?"

मग त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"उद्या कालवणात चिमूटभरच मीठ घाल. तुझ्या जिभेला सोसेल तसं दोघांचं वाढवू."