देव्हाऱ्यातला वीर

येसाजीनं कुऱ्हाडीचा दांडा नागूच्या मनगटावर असा हाणला, की हाड वाजलेलं परड्यापर्यंत ऐकू गेलं. नागूच्या हातातली रानडुकराची तंगडी उंबऱ्यावर पडली. रक्ताचा ओघळ घराच्या आत निघाला, तसा म्हातारा आणखीच पिसाळला. त्यानं तंगडी लाथेनं अंगणात उडवली आणि कुऱ्हाड फिरवून पातं पुढं केलं.

"परत आणलंस तर तुझाच वाटा पाडीन!"

ब्याण्णव वर्षांचं हाडूक, पण जोर बघा! नागू बिचारा शेजारी, रीतीनं आलेला. भात दाण्यात भरलं की डुकरं शिवारात घुसतात. खंडेनवमीला बंदुका पुजल्या की वाडी रानात हाका घालून डुकरं उठवते आणि पडलेल्या जनावराचा वाटा घरोघर जातो. येसाजीच्या घरात डुक्कर शिजत नाही, हे नागूला ठाऊक होतं. पण आज वासूला निरोप द्यायचा होता. वासू म्हणजे येसाजीचा एकुलता नातू, फौजेत ट्रकवर ड्रायव्हर. उद्या रामनगरहून बेळगाव आणि तिथून पुढं शांतिसेनेबरोबर सोमालिया. पोराला चार घास खाऊन जाऊ दे, असं नागूला वाटलं. त्याची चूक ती काय?

वासूनं मागून आज्याच्या कमरेला मिठी घातली. झटापटीत पातं वासूच्याच तळव्यावरून फिरलं.

"अज्जा, खुळावलास काय? माणूस मारायलास?"

म्हातारा ऐकतोय कुठला! पण तेवढ्यात त्याची नजर आत गेली आणि त्यानं कुऱ्हाड खाली टाकली. देव्हाऱ्यापाशी म्हाताऱ्याची सून, वासूची आई सुशीला उभी होती. तिच्या एका हातात काळा दोरा आणि दुसऱ्या हातात वीराचा टाक होता.

हा वीर म्हणजे येसाजीचा थोरला भाऊ उमाजी, असं सगळी वाडी धरून चाललेली. एकोणीसशे विसाच्या साली दोघे भाऊ गोऱ्या साहेबाच्या पलटणीतून समुद्रापार सोमाली मुलखात लढायला गेले आणि एकटा येसाजी परत आला. आला तो असा, की घशाखाली पाणी उतरेना. वाडीचा देवरुषी म्हणाला, मेलेला मागं लागून आलाय, त्याला घरात बसव. मग येसाजीनं खानापूरच्या सोनाराकडून टाक करून घेतला. चांदीच्या पत्र्यावर भाला धरलेला माणूस. तेव्हापासून वीरापुढं पाण्याची वाटी ठेवल्याशिवाय त्या घरात कुणी घोट घेतला नाही. तापानं फणफणलेल्या लेकरालासुद्धा आधी थांबावं लागे. देव्हाऱ्यातले बाकीचे देव उगवतीकडं तोंड करून बसलेले, वीर तेवढा मावळतीकडं. कुणी कारण विचारलं की म्हातारा शिवी हासडायचा.

"मामा, पोराच्या दंडाला बांधते," सुशीला म्हणाली. "रोज रेडिओवर सांगायल्यात, तिथं परक्या फौजेच्या माणसांना मारायल्यात. थोरला आज्जा पाठीशी असला की माझा जीव तरी..."

"त्यो उमाजी न्हवं," येसाजी म्हणाला आणि तिथंच उंबऱ्यावर, सांडलेल्या रक्तात बसला.

"आदी सायबाची इमानं आली. सोमाल्यांच्या गढीवर बॉंब टाकलं. माणसं, उंट, सगळा चिखल. मग आमी शिरलो. त्या मुलखात पाण्याची एकच हिर. बायका-पोरं उंटावर घालून त्येंची माणसं पळायलीती. त्येंना वाट मिळावी म्हणून एकटाच गडी हिरीवर उभा, भाला घेऊन. उमाजी पुढं झाला, तर भाला नरड्यातनं आरपार. मी संगीन घातली, पोटात. फिरवली. तरी पडंना! दोनी हातांनी संगीन धरून उभा ऱ्हायला. पोरं टेकाडापल्याड गेली, तवा पडला. हिरीकडं बोट केलं. मी पोहरा वर काढला."

"दिलं न्हवं त्येला?" सुशीलानं विचारलं.

"मी प्यालो. दोन दिस घोट न्हवता. पोटभर प्यालो गं! समदी पलटण प्याली. मग त्येच्याकडं वळलो. डोळं उघडंच, हिरीकडं."

बाहेर सुजलेलं मनगट धरून बसलेला नागू पुटपुटला, "म्हणून व्हय... त्येच्या धर्मात डुक्कर चालत न्हाई."

वासूच्या तळव्यातलं रक्त ठिबकत होतं. त्याला राग आवरेना.

"त्यानं तुझ्या सख्ख्या भावाला मारलं, आणि तू त्याला देवात बसवलास? आम्ही जन्मभर त्याच्या पाया पडलो?"

"हिर कुणाची हुती?" येसाजीनं विचारलं. "उमाजी तिथं पगाराला गेलाता. मीबी. त्यो आपल्या हिरीवर उभा हुता."

सुशीलानं हातातल्या टाकाकडं पाहिलं. पोटचा गोळा उद्या बंदूक घेऊन ह्याच माणसाच्या मुलखात निघालेला, आणि ती त्याच्या दंडाला कुणाला बांधायला निघाली होती! ती टाक देव्हाऱ्यात टाकायला वळली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला, टाक काढून घेतला, धोतराला पुसला आणि वासूच्या चिरलेल्या तळव्यावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"मामा, मग माझ्या पोराला राखणार कोण?" ती रडत ओरडली.

"कुणी आडवा आला तर सांग, तुमचा माणूस घरी पोचवायला आलोय," येसाजी नातवाला म्हणाला. "हिरीवर ठेव त्येला. आन ह्या खेपंला पाणी आदी त्येला पाज, मग तू पी."