आईच्या खोलीचं दार

घर माणसाच्या आयुष्यात एकदाच होतं. चंद्रहासने ते रविवारी सकाळी तीनदा आखलं आणि दोनदा चपलेने पुसलं.

जागा निर्मळला, जुलियानाबाईंच्या केळीच्या वाडीला लागून. घ्यायची की नाही हे अजून ठरलं नव्हतं. बोळिंजला एक तयार फ्लॅटही बघून ठेवला होता, आणि संध्याकाळपर्यंत टोकन आलं नाही तर तो दुसऱ्याला देऊ, असं बिल्डरने फार गोड आवाजात कळवलं होतं. म्हणून चंद्रहासने चुन्याची फक्की आणली आणि बांधायचं ते अख्खं घर गवतावर काढलं. राहून बघायला.

"ही आपली बेडरूम."

"इतकीच?" त्याची बायको वसुंधरा म्हणाली.

"भिंती चढल्या की मोठी दिसते."

"म्हणजे भिंतींनी जागा वाढते?"

खात्री करायला तो आडवा झाला. पाय हॉलमध्ये गेले.

वसुंधरा तिच्या स्वयंपाकघरात हात पसरून गोल फिरली. कोणाला धक्का लागला नाही. ती पुन्हा एकदा फिरली.

मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चंद्रहासची आई, जिजाबाई, बसल्या होत्या. ती खोली त्यांची. भाड्याच्या जागेत त्या हॉलमध्ये झोपत, म्हणजे शेवटचा पाहुणा उठला की. इथे ऊन अंगावर आलं तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"आई, तुझं दार कुठे काढू?"

जिजाबाईंनी बोट दाखवलं.

"तिकडे रस्ता आहे. हॉल इकडे."

"ठाऊक आहे रे. मला बाहेरच उघडणारं पाहिजे. आतली कडी माझ्या हातात."

"कशाला पण?"

"बघू तरी, कसं वाटतं."

"काढा हो," वसुंधरा म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतायत."

चंद्रहासने चपलेने हातभर फक्की पुसली. जिजाबाई उठल्या, दारातून बाहेर गेल्या, दोन क्षण उभ्या राहिल्या आणि परत आत येऊन बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा जाऊन आल्या. या वेळी कडीही लावली.

एवढ्यात जुलियानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या थेट भिंतीतून आल्या. मध्ये उभं राहून त्यांनी सगळं घर न्याहाळलं.

"बरं काढलंय हो. आणि ही मागची, बाहेरनं दार असलेली? भाडेकरूला काय?"

"नाही," चंद्रहास म्हणाला. "आईला."

"अस्सं," जुलियानाबाई म्हणाल्या, आणि पाणी आधी जिजाबाईंना दिलं.

त्या वाडीकडे वळेपर्यंत चंद्रहास कसाबसा थांबला.

"ऐकलंत? उद्या सगळा गाव हेच म्हणेल. आईला वेगळं काढलं."

"अरे, मीच मागतेय ना?"

"तू मागितलंस, हे काय दारावर लिहून ठेवू?"

"लिहा की," वसुंधरा म्हणाली. "नाहीतरी पाटी लावायचीच आहे."

त्याने मूठभर फक्की घेतली आणि दार बुजवलं. जिजाबाई आत होत्या. हॉलकडचं दार काढायचं अजून राहिलं होतं.

"माझी आई माझ्यापासून वेगळी राहणार नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता.

जिजाबाईंनी खुर्ची उचलली, क्षणभर इकडे तिकडे पाहिलं आणि फक्की ओलांडून बाहेर आल्या.

संध्याकाळी बोळिंजला टोकन दिलं. फ्लॅट चांगला आहे. हवा आहे, उजेड आहे, स्टेशनला रिक्षा मिळते. बेडरूम एकच आहे.