भक्कमसर

जोतीरामांनी पाव्हण्यांच्या भिंतीला कान लावला आणि बोटानं टकटक केलं. वळसंगच्या त्या बैठकीत चहाचे कप हातातल्या हातात राहिले. मुलीचा बाप घर बघायला येतो तेव्हा जमीन, जनावरं आणि पोराचं व्यसन एवढं विचारतो, अशी आजवरची रीत. हा बाप गुडघे टेकून फरशीच्या फटी बघत होता. पोराचं, म्हणजे अजिंक्यचं, नावसुद्धा त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर जोतीरामांना एक मोबाइल आणि भरपूर वेळ मिळाला. तिथंच सगळं बिघडलं. ‘आपलं घर आपणच तपासू’ नावाच्या ऑनलाइन ग्रुपात ते शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. तिथं लोक आपापल्या घरच्या भेगांचे, ओलीचे, गळक्या नळांचे फोटो टाकायचे, आणि ज्यांनी जन्मात विटेवर वीट ठेवली नाही ते त्यांना इलाज सांगायचे. जोतीरामही सांगू लागले. शेजाऱ्याच्या मोरीचा उतार त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिला. तेव्हापासून शेजारी त्यांच्याशी बोलत नाही.

ग्रुपातल्या एकाच माणसाला मात्र ते देव मानायचे. त्याचं नाव भक्कमसर. भक्कमसर मोजकं लिहायचे आणि ते खरं ठरायचं. जोतीराम त्यांना फोटो पाठवायचे, खाली हात जोडायचे आणि उत्तराची वाट बघत जेवण गार करायचे.

हे भक्कमसर म्हणजे त्यांचीच मुलगी अपेक्षा. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, रोज उन्हात साइटवर उभी राहणारी. आधी ती ग्रुपात स्वतःच्या नावानं लिहायची. “ताई, तुम्ही ओट्याच्या टाइल्सचा रंग सुचवा,” अशी उत्तरं यायची. घरात आप्पांचंही, म्हणजे जोतीरामांचंही, तेच, “तुला काय कळतंय गं?” मग तिनं नाव बदललं, कुणा मिशीवाल्याचं चित्र लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सगळं कळायला लागलं.

या मानाचा तिनं गैरवापर केला नाही, असंही नाही. आधीची दोन स्थळं तिला नको होती. एकाला नोकरी सोडणारी बायको पाहिजे होती, दुसऱ्याच्या आईला तर शिकलेली सूनच नको होती. दोघांची घरं ठणठणीत होती. भक्कमसरांनी फोटो बघून लिहिलं, ‘पाया खचतोय.’ जोतीरामांनी ते दोन्हीकडं भर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. माणसं बिचारी अजून पाया उकरून बघत असतील.

आजचं स्थळ मात्र तिला हवं होतं. अजिंक्यचं आणि तिचं आधीच ठरलं होतं, मध्यस्थ नुसता दाखवायला. रीतीप्रमाणे ती जुळे सोलापुरात घरीच थांबली होती. सरांचं उत्तरही तिनं लिहून तयार ठेवलं होतं, ‘घर उत्तम. होकार द्या.’

फोटो आला. बैठकीचं छत, पंख्याच्या हुकाशेजारी. सळयांच्या रेषेत गंजाचे तांबूस ओघळ, गिलावा पुरीसारखा फुगलेला. खाली आप्पांचा प्रश्न, ‘सर, टाकीच्या पाण्याचा डाग असावा?’

अजिंक्यची आई रोज दुपारी त्याच पंख्याखाली आडवी होते, हे तिला त्यानंच सांगितलं होतं. खोटं बोलून तिनं नको ती स्थळं मोडली होती. आता खरं बोलून हवं ते मोडणार होतं. तिला रडू आलं. तरी तिनं तयार उत्तर पुसलं आणि लिहिलं, ‘स्लॅबच्या सळया गंजल्यात. त्याखाली कुणी बसू नका.’

इकडं अजिंक्यच्या आईनं, मायाक्कांनी, जोतीरामांना फेटा बांधवला होता. त्यांना पंख्याखालच्या मानाच्या खुर्चीत बसवून पंखा पाचावर केला होता. “असला जाणता पावना आमच्या दारात कवा आला न्हाय बगा,” त्या म्हणाल्या. डोक्यावर फेटा चढला की माणूस उदार होतो. जोतीरामांनी सरांचं उत्तर वाचलं, मोबाइल उपडा ठेवला आणि जाहीर केलं, “घर एकदम पक्कं आहे. मोबाइलवरची माणसं काय, घरात बसून काहीही लिहितात.”

तेवढ्यात अपेक्षाचा फोन आला. चारचौघांत फोन स्पीकरवर घ्यायची त्यांना हौस.

“आप्पा, आधी त्या छताखालून उठा! सगळ्यांना बाहेर काढा!”

“तुला कुणी सांगितलं?”

“मीच सांगितलंय तुम्हाला. भक्कमसर मीच आहे.”

“तू?” जोतीराम ताडकन उठले, मोबाइल घेऊन दारापर्यंत गेले आणि गरजले, “तुला काय कळतंय गं?”

मागं धाडकन आवाज झाला. परातीएवढा गिलावा पंख्याजवळून सुटून मानाच्या खुर्चीवर आदळला होता. खुर्चीचे दोन पाय मोडले. जोतीरामांच्या हातातला मोबाइल खाली पडला.

धूळ बसेपर्यंत जमिनीवरून फक्त अपेक्षाचं “आप्पा, आप्पा” ऐकू येत होतं. ती ओक्साबोक्शी रडत होती. जोतीरामांनी फेट्यावरची माती झटकली, घसा साफ केला.

“मला पहिल्यापासून संशय होताच,” ते म्हणाले.

मायाक्कांनी मोडक्या खुर्चीकडं बघितलं, मग पाव्हण्यांकडं. आणि वाकून मोबाइल उचलला.

“रडू नगंस, पोरी. तुज्या बापाला काय हुईत न्हाय. तू आमाला पसंत हाईस. आता बाप पसंत करायचा का न्हाय, तेवडं आमी घरात बसून ठरवतो.”