धप्पू पडला की

अर्धांगवायूतून सावरणाऱ्या आजी चालता चालता पुन्हा गादीवर पडल्या. फिजिओथेरपिस्ट पोरीने धावत जाऊन त्यांना उभं केलं. "आजी, आज एवढं पुरे."

मागची नसलेली धूळ झटकत आजी चिरक्या आवाजात ओरडल्या, "काही नाही झालं! परत!"

पोरगी बघतच राहिली. "अहो, हा तर धप्पूचा आवाज! कार्टूनमधल्या त्या अस्वलाचा! शाळेतून आले की दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायचे मी."

"त्याला आवाज मीच द्यायचे."

पोरीचे डोळे भरून आले. आजींचा हात तिने आणखी घट्ट धरला.

"धप्पू कड्यावरून पडला की तू काय करायचीस गं?"

"पोट धरून हसायचे."

"मग आताही हस. आणि हात सोड."